वादळ येण्याआधीचं काम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सी-विंगमधील एका निवृत्त कॅप्टननी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय दिलाय ‘समुद्रातील वादळे’. थरारक गोष्टी ऐकायला मिळतील अशी तुमची अपेक्षा असेल. पण आपल्या सोसायटीतली तीन मुलं सध्या बोटीवर आहेत आणि त्यांचे आईवडील इथे पुढच्याच रांगेत बसलेत. टीव्हीवर चक्रीवादळाची बातमी लागली की त्यांच्या घरात जेवणं कशी होतात, ते मला ठाऊक आहे. म्हणून थरार बाजूला ठेवतो आणि वादळात बोट टिकते कशी, एवढंच सांगतो.

मोठी बोट नुसती लाट आदळली म्हणून सहसा बुडत नाही. ती बुडते आत पाणी शिरलं म्हणून, किंवा वजन एका बाजूला सरकलं म्हणून. पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चालून बघा. पाणी एका काठाला धावतं आणि हात कलतो. बोटीतल्या टाक्यांचं तसंच आहे. म्हणून खराब हवामानाआधी टाक्या शक्यतो काठोकाठ भरतात, नाहीतर पूर्ण रिकाम्या ठेवतात.

माणसांचंही वजनच असतं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट आठवणारी मंडळी आता थोडीच राहिली. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या कित्येक घरांत अजून तो दिवस विसरलेले नाहीत.

म्हणून वादळाची सूचना आली की बोटीवर जे सुरू होतं, ते अगदी कंटाळवाणं काम असतं. सारंग आपली माणसं घेऊन डेकवर फिरतो. प्रत्येक झाकणाचे बोल्ट, प्रत्येक हवेच्या नळीचं तोंड, कंटेनरच्या साखळ्या, सगळं हाताने ओढून बघायचं. भंडारी भांडी बांधून ठेवतो, टेबलावर ओलं कापड अंथरतो, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणणं समुद्रात चालत नाही. एकदा लाटा डेकवर यायला लागल्या की तिथे माणूस पाठवता येत नाही.

या छोट्या कामाची किंमत काय, ते ‘डर्बीशायर’ने दाखवलं. २९४ मीटर लांबीची ही ब्रिटिश मालवाहू बोट, वय अवघं चार वर्षं. लोहखनिज घेऊन जपानला जात असताना सप्टेंबर १९८० मध्ये टायफूनमध्ये सापडली आणि मदतीची हाकही न देता नाहीशी झाली. बोटीवर ४४ जण होते, त्यांत दोघांच्या बायकाही होत्या. पहिल्या चौकशीने निसर्गाच्या शक्तीकडे बोट दाखवलं. पण घरच्यांनी ते मानलं नाही. ते वर्षानुवर्षं भांडत राहिले. १९९४ मध्ये समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले. मधल्या एका अहवालात तर ठपका खलाशांवरच आला होता, पुढचं एक झाकण त्यांनी नीट बंद केलं नाही म्हणून. २००० साली फेरचौकशीने तो पुसला. नाळेकडच्या हवेच्या नळ्या आणि व्हेंटिलेटर लाटांनी तुटले, तिथून पाणी शिरलं, नाक खाली गेलं आणि मग मालाच्या खणांची झाकणं लाटांच्या वजनाने फुटली.

यानंतर अशा बोटींचे नियम कडक झाले. आता मालाच्या खणात पाणी शिरलं की ब्रिजवर धोक्याची घंटा वाजते. ताई, तुमच्या मुलाच्या बोटीवरची ती घंटा अशा बायका-आयांच्या वीस वर्षांच्या हट्टातूनही आली आहे.

प्रत्यक्ष वादळात काय करतात? पहिला उपाय, त्याच्या वाटेला जायचंच नाही. जुन्या नावाड्यांचा आडाखा आजही खरा आहे. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलात, तर चक्रीवादळाचं केंद्र उजव्या हाताला, जरा मागे असतं. आता उपग्रह आहेत, रोज अंदाज येतात, कॅप्टन वाट बदलतो. तरी गाठलंच, तर वेग कमी करायचा, सुकाणू ऐकेल इतकाच ठेवायचा आणि लाट नाळेवर, जराशी तिरकी घ्यायची. कुशीवर घ्यायची नाही. मग वाट बघायची. एक दिवस, कधी दोन. पोटात काही ठरत नाही, झोप म्हणजे बंकच्या कडेला पाय रोवून पडणं.

खोटा धीर मी देणार नाही. समुद्र अजूनही बोटी घेतो. पण बहुतेक बोटी बाहेर येतात, त्या शौर्यापेक्षा आधीच्या तयारीमुळे. म्हणून पुढच्या वेळी फोन लागला, तर पोराला “घाबरलास का?” असं विचारू नका. “झोप झाली का? साखळ्या तपासल्या का?” असं विचारा. घरच्यांना आपलं काम कळतं, हे समजलं की माणसाला तिथे फार बरं वाटतं.

आणि कमिटीला एक विनंती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव यंदा तरी मे महिन्यात मंजूर करा. जुलैमध्ये सारंगसुद्धा काही करू शकत नाही!