टाळ कोणाचा वाजतोय?



दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास आधीच्या मंडळींनी चांगला सांगितला. मी माझी एक चूक सांगायला उभा राहिलोय. इथल्या निम्म्या लोकांनी ती डोळ्यांनी बघितलीय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

कोजागिरी झाली की आपल्या देवळात काकडा सुरू होतो. पहाटे पाचला. पूर्वी कर्णा नव्हता, चाळीसपन्नास घरांचं गाव, टाळाचा आवाज शेवटच्या घरापर्यंत जायचा. आता कल्याण-शीळ रस्त्याला टॉवर उभे राहिले. जमिनी आपणच विकल्या, हेही बोललं पाहिजे. तर तिथला एक माणूस एका पहाटे बनियनवर खाली आला आणि देवळाच्या पायरीवरून ओरडायला लागला. रात्रपाळी करून आलोय, घरात म्हातारी आजारी आहे, बंद करा हे. दोनचार वाईट शब्दही बोलला. पोरं धावली. पोरांना आवरायचं कोणी? मी. आणि मीच पुढे होऊन त्याची कॉलर धरली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि तोंडात काय शब्द होते ते या मांडवात बोलवत नाही.

अंगावर थुंकणाऱ्या माणसाबरोबर नाथमहाराज पुन्हा पुन्हा गोदावरीत अंघोळीला गेले, ही कथा मी कीर्तनात कितीदा सांगितली असेल! आणि मला तर कोणी थुंकलंही नव्हतं.

पोलीस आले, समजूत घालून गेले. मग माझा एक भाचा वकिलीत आहे, त्याने मला कायदा सांगितला. 2000 सालचा नियम आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर कर्णा लावायचा नाही. वस्तीत आवाज दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, त्याच्या वर नको. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यासाठी हायकोर्टात गेले, 2016 साली निकाल लागला. कर्णा लावणं हा कुठल्याच धर्माचा हक्क नाही, असं कोर्टाने सांगितलं. मला आधी राग आला. मग विचार केला, सावळाराम महाराज म्हात्रे यांच्या पिढीने आपल्या आगरी-कोळी गावांत माळ पोचवली, ती काय कर्ण्यावर पोचवली?

पण माझं मन फिरलं ते कोर्टामुळे नाही. ते पुढच्या आषाढीला वाटेत फिरलं.

माउलींच्या सोहळ्यात तळावर समाज आरती होते, तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. मग ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार त्यांना दमात घेत नाहीत. चालत त्या दिंडीपाशी जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात. मग टाळ थांबतो. हरवलं-सापडलं सांगतात, आरती होते. इतकी वर्षं मी त्या रिंगणात उभा राहिलो, पण त्या संध्याकाळी एका दिंडीचा टाळ थांबेना, तेव्हा मला तो बनियनवाला आठवला. पायरीवर तो त्याचा टाळच वाजवत होता हो. आणि त्याच्यापाशी चालत जायचं सोडून मी कॉलर धरली.

वारीहून आल्यावर त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, म्हातारी गेली, ते बदलापूरला राहायला गेले.

आता काकडा बिनकर्ण्याचा होतो. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या कुरकुरतात, ऐकू येत नाही म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. दोघीतिघींना मुलं गाडीवर बसवून देवळात आणतात. पायरीवर कोणी तावातावाने आला तर आधी मी खाली उतरतो, असं पोरांना सांगून ठेवलंय. आतापर्यंत दोघं आले. एक पखवाजाबद्दल बोलायला आला आणि चहा पिऊन गेला. दुसरा आला तो हळदीच्या डीजेबद्दल, रात्री साडेअकराला. हळद माझ्याच पुतण्याची होती. मी जाऊन डीजे बंद करायला लावला. पुतण्या अजून माझ्याशी धड बोलत नाही.