तूट कोणाच्या ताटात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला 'सोसायटीच्या २५ वर्षांचा आढावा' हा विषय दिला होता. पाण्याची टाकी, ड्रेनेज, रंगकाम, कन्व्हेयन्स डीड, सगळं लिहूनही काढलं होतं. पण परवा संध्याकाळी खालच्या बाकावर आपले एक तरुण सभासद भेटले. म्हणाले, "काका, दोन्ही पोरं सारखी भूक भूक करतात हो. शाळेतून आली की डबे उघडायला लागतात, जेवून तासभर झाला की पुन्हा स्वयंपाकघरात. इकडे फ्लॅटचा हप्ता, तिकडे शाळेची फी. तुम्ही कसं भागवलंत?" मी म्हटलं, मेळाव्यात सांगतो. तेव्हा टाकी आणि ड्रेनेज अहवालात वाचा. आज मी भुकेबद्दल बोलणार आहे.

पहिली गोष्ट. वाढत्या वयाच्या मुलाला 'हावरट' म्हणू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आणि आयसीएमआरचे २०२० चे आकडे बघा. माझ्यासारख्या बैठ्या कामाच्या माणसाला दिवसाला सुमारे २११० कॅलरी लागतात. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३३२०. अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या गड्याला ३४७०. म्हणजे तुमचा अकरावीतला मुलगा आणि दिवसभर पोती उचलणारा हमाल, दोघांची भूक जवळपास सारखी. मुलींनाही त्या वयात २५०० लागतात, म्हणजे बसून काम करणाऱ्या त्यांच्या वडिलांपेक्षा जास्त. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर माझ्या हातून एक चूक झाली नसती. ती चूक सांगायलाच मी उभा आहे. जिच्या बाबतीत ती झाली, ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. मी काही वेगळं बोललो तर तिथूनच दुरुस्त करेल.

त्याआधी थोडं मागे जातो. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं, कोरडवाहू. १९७२ च्या दुष्काळात मी नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरी धाकटी तिघं भावंडं. आबा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. पण धाकटे तीही मागून मागून खायचे. मी सुटीत घरी गेलो की आई शेवटी एकटी चुलीपाशी बसलेली दिसायची. म्हणायची, "मला भूक नाही रे, कामावर सुकडी खाल्लीय." मला ते खरं वाटायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या बहिणीने सांगितलं, "दादा, ती सुकडी आई पदरात बांधून घरी आणायची. आम्हीच खायचो." तेव्हा आई हयात नव्हती.

आता इकडे इंदिरानगरला येऊ. १९९८ ला फ्लॅट बुक केला आणि २००० ला राहायला आलो. आजूबाजूला अजून मळे होते, रात्री वडाळ्याच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू यायची. बुकिंग केलं त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास कांदा असा भडकला की दिल्लीचं सरकार कांद्याने घालवलं असं अजून म्हणतात. लासलगाव हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या घरात कांदा मोजून चिरायचे!

बँकेतल्या माणसाला काय कमी, असं लोकांना वाटतं. पगार वाईट नव्हता, पण हातात यायच्या आधीच वाटला जायचा. घराचा हप्ता, गावी आबांची औषधं, धाकट्या भावाचं शिक्षण. उरेल त्यात चौघांचं खाणं. थोरला दहावीत, धाकटा सातवीत. दोघंही क्रिकेट खेळून संध्याकाळी साडेसहाला जिना चढायचे ते थेट स्वयंपाकघरातच.

मी डायरीत रोजचा हिशोब लिहायचो. दूध, तेल, गॅस, भाजी, पै न् पै. महिनाअखेरीला बेरीज जुळली की मला समाधान वाटायचं. सणाची उचल घ्यायचो ती दिवाळीला खर्च न करता उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायला ठेवायचो. हे सगळं बरोबरच होतं. पण एके रात्री थोरला जेवत असताना मी सहज विचारलं, "किती पोळ्या झाल्या रे?" तो म्हणाला, "सहा." मी म्हटलं, "बापरे! घर खाऊन टाकशील एक दिवस." मी हसत म्हटलं होतं. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो तीन पोळ्यांवर उठायला लागला. मला वाटलं, पोट भरत असेल. पंधरा दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "राग मानू नका, पण तुमचा थोरला रोज अभ्यासाला म्हणून येतो आणि आमच्या मुलाबरोबर दोन पोळ्या खातो. खायला काही नाही हो, चांगलाच आहे मुलगा. पण घरी काही बोललं का त्याला कोणी?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. दोन महिन्यांनी हिला जिन्यात चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. बायकांचं बारा तरी असावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही जेवता कधी?" ही म्हणाली, "सगळ्यांचं झालं की." "आणि तेव्हा उरलेलं काय असतं?" ही काही बोलली नाही. आमटीच्या पातेल्याचा तळ, अर्धी पोळी, वर चहा. हे मला तेव्हा कळलं. माझ्याच घरात, माझ्यापासून पाच फुटांवर दोन वर्षं चाललं होतं ते.

बँकवाल्यांना माहीत आहे, जी नोंद कुठेच बसत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. वरून ताळेबंद जुळतो, पण तूट त्या खात्यात पडून असते. आमच्या घराचं सस्पेन्स खातं म्हणजे ही. माझी डायरी महिनोन् महिने जुळत होती, कारण तूट हिच्या ताटात होती. माझ्या आईच्या वेळी मी विद्यार्थी होतो, मला कळलं नाही असं म्हणता येईल. या वेळी मी हिशोबनीस होतो.

तरुण मित्रांनो, म्हणून सांगतो. तंगीच्या घरात मुलं सहसा उपाशी राहत नाहीत. त्यांच्यासाठी कोणीतरी उपाशी राहतं आणि ते बोलत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तुम्ही सगळे जाणता. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. पण वाढत्या वयाची एवढी मुलं म्हणजे रोज किती भाकरी, विचार करा. घरात पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. ही कथा आपण शाळेत अभिमानाने ऐकतो, मीही ऐकली. वय झाल्यावर मात्र वाटतं, इथेही तूट एका बाईवरच पडली होती.

कर्मवीरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त उपयोगाची वाटते. मुष्टिफंड. दळायला बसताना प्रत्येक घराने मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहासाठी द्यायचं. एका मुठीने कोणाचं घर बसत नाही, आणि अनेक मुठींनी वसतिगृह चालतं. तूट एकावर टाकायची नाही, सगळ्यांत वाटायची. एवढंच त्याचं सूत्र.

डॉक्टरांकडून आल्यावर आम्ही घरात तीन नियम केले. ते परवाच्या मित्रासाठी सांगतो.

पहिला, चौघांनी एकत्र बसायचं आणि चारही ताटं आधी वाढायची. नंतर पातेल्यात जे उरेल ते मागेल त्याला. 'मी मागून जेवते' हे वाक्य बंद. सुरुवातीला हिला अवघडल्यासारखं व्हायचं. पोळ्या गार होतात म्हणायची. झाल्या गार!

दुसरा, हिशोब करायचा तो किराणा भरताना. ताटावर बसलेल्या मुलासमोर आकडा काढायचा नाही. डायरी मी अजून लिहितो, पण जेवणाच्या टेबलावर आणत नाही.

तिसरा, साडेसहाच्या भुकेची तयारी सकाळीच करून ठेवायची. मूल आल्यावर शोधाशोध केली की बिस्किटाचा पुडाच हातात येतो. तो मैदा आणि साखर, अर्ध्या तासात भूक परत हजर. त्याऐवजी आमच्याकडे फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ असा डबा मुलांच्या हाताला येईल असा ठेवलेला असायचा. शेंगदाण्यात वजनाच्या पावपट प्रथिनं असतात, आणि सुक्यामेव्याच्या मानाने ते केव्हाही स्वस्त. सकाळच्या पोळ्यांचा गूळ-तूप घालून कुस्करा किंवा फोडणीची पोळी. भाजणीचं थालीपीठ. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू. हिच्या रक्तासाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवणात लिंबू घ्या आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागतं. पावसाळ्यात हुलग्याचे शेंगोळे. एक मोठं पातेलं केलं की दोघं पोरं गप्प.

आणि नागली. आपल्या पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरात पिकते, आणि आपणच तिला गरिबाचं धान्य म्हणून बाजूला ठेवलं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. दूध परवडेल तेवढं द्याच, पण सकाळची नागलीची आंबील किंवा भाकरी वाढत्या हाडांना फार मोठा आधार देते. रोजच्या जेवणात पोळी किंवा भाताबरोबर डाळ-कडधान्य हवंच. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. आपली वरण-भाताची, खिचडीची जोडी आजी-पणजींनी उगाच लावलेली नाही.

चौथी गोष्ट आपल्या सोसायटीने केली. जुन्या सभासदांना आठवत असेल, २००१ च्या एप्रिलमध्ये आम्ही सहा घरांनी मिळून एक टेम्पो केला आणि निफाडच्या एका शेतकऱ्याकडून थेट लोकवन गहू आणला. गच्चीवर वाळवला, वहिनी मंडळींनी एरंडेल चोळून कोठ्या भरल्या. पुढच्या वर्षी तूरडाळ आणि शेंगदाणेही आले. सगळ्यांचे चार पैसे वाचले. पण त्याहून मोठं म्हणजे कोणाच्या घरी किती ओढ आहे हे न विचारता कळायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्या मुलाला वाढलं, आणि त्यांच्या घरी आजारपण आलं तेव्हा त्यांची दोन्ही मुलं महिनाभर आमच्याकडे जेवली. कोणी कोणाचा हिशोब ठेवला नाही. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक व्यवहार विनानोंदीचा.

पुढे कधीतरी ही गहूखरेदी बंद पडली. पॅकेटचं पीठ आलं, मॉल आले. कमिटीला माझी विनंती आहे, येत्या एप्रिलपासून ती पुन्हा सुरू करा. ज्यांना हवं त्यांनी नाव द्यावं. भाडेकरू कुटुंबांना आणि आपल्या वॉचमनच्या घरालाही त्याच भावात घेऊ द्या. पोतं उचलता येणार नाही, पण वजनकाट्याशी मी बसेन. आणि संध्याकाळी तुमच्या मुलाबरोबर दुसऱ्याचं मूल दारात आलं, तर 'जेवून आलास का?' असं विचारू नका. त्यावर मूल 'हो' म्हणतं. 'हात धू आणि बस' म्हणा.

थोरला आता चाळिशीचा आहे, पुण्याला असतो. मागच्या दिवाळीत आला होता. त्याचा मुलगा जेवताना सहावी पोळी मागत होता. मी गप्प होतो. थोरल्याने माझ्याकडे बघितलं आणि स्वतः उठून त्याच्या ताटात पोळी वाढली. आम्ही दोघं काही बोललो नाही. मला जे समजायचं ते समजलं.

आता शेवटचं. थोड्या वेळात खाली जेवणाच्या पंगती बसतील. दरवर्षी आपण पुरुष आणि मुलं आधी बसतो, आणि वहिनी, ताई शेवटच्या पंगतीला, तोवर जिलेबी संपलेली असते. आज रौप्यमहोत्सव आहे. पहिली पंगत महिलांची. वाढायला आपण. मठ्ठ्याचं पातेलं मी घेतो, फार जड नसतं ते.