जेट बोटीचे दोन दांडे

श्रोतेहो, अंजनवेल हें माझें गांव. वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते तेथें दक्षिण तीरावर आमचा गोपाळगड आणि समोर उत्तर तीरावर दाभोळ. या खाडींत लहानपणीं मीं शिडाचीं होडकीं पाहिलीं, पुढें डिझेलच्या लाँचा पाहिल्या. आतां माझ्या भाच्यानें जेट बोट घेतली आहे. तिनें आम्हांस जो धडा दिला, तो आज आपणांपुढें मांडतों.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही दोघे सुकतीच्या वेळीं पलीकडच्या धक्क्याकडे येत होतों. भाच्यानें वेगाचा दांडा मागें घेतला. दांडा आला, इंजिनाचा आवाज मात्र उतरेना. धक्क्यावर बायकामुलें उभीं होतीं. मी ओरडलों, “अरे, इंजिन बंद कर!” त्यानें ऐकलें नाहीं. आधीं बोट वळवून मोकळ्या पाण्यांत नेली, मगच इंजिन बंद केलें आणि लागलीच नांगर टाकला.

त्याचें बरोबर होतें, माझें चूक. लाँचेस बाहेर पंखा व त्यामागें सुकाणूं असतें. जेट बोटीस यांतलें कांहींच नाहीं. तळाच्या जाळींतून पाणी आंत ओढलें जातें, पंपाचें चाक त्यास रेटतें, आणि मागच्या तोटींतून तें जोरानें बाहेर पडतें. तोटी वळली कीं बोट वळते. झोत थांबला कीं वळविण्याची शक्तीहि गेली! न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत उथळ नद्यांसाठीं ही रीत यशस्वी केली. १९७७ सालीं एडमंड हिलरी अशाच बोटींतून गंगासागराहून गंगेच्या उगमाच्या दिशेनें गेले होते.

दुसरा दांडा पुढें-मागें जाण्याचा. तोटीवर एक झडप असते. ती पूर्ण उतरली म्हणजे झोत उलटून बोट मागें सरते. अर्धवट उतरली म्हणजे दोन्हीकडचा जोर सारखा होऊन बोट जागीं राहते. पुष्कळ जेट बोटींत चाक मात्र फिरतच असतें. म्हणून दांडा मधोमध असूनहि बोट सरकूं लागली, तर इंजिनास दोष देऊं नये. झडपेच्या केबलची लांबी तपासावी. इंजिन चालू असतांना जाळीजवळ हात, केस वा दोर कधींहि नेऊं नये.

दोष शोधतांना बोट बांधावी, इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट सोडवावी. दांडा जड चालतो काय? प्रथम केबलचें इंजिनाकडील टोंक सोडा. दांडा हलका झाला, तर अडचण पुढच्या सांध्यांत आहे. तसाच जड राहिला, तर वरचेंहि टोंक सोडा. आतां दांडा मोकळा फिरला, तर दोष केबलचा, नाहीं तर दांड्याचाच. खारें पाणी शिरून गंजलेली केबल तेल घालून चालवूं नये, बदलावी. अरुंद वळणानेंहि ती अडते.

दांडा सहज फिरतो, पण परिणाम होत नाहीं, असें झालें तर टोंकाची खीळ आणि केबलचें आवरण धरणारी पट्टी पाहावी. आमच्या बोटींत पट्टीचा स्क्रू सैल झाला होता. आवरणच सरकत होतें, आणि दांड्याची चाल वाटेंतच खर्ची पडत होती. जोडल्यावर एक खात्री करावी: दांडा पूर्ण मागें असतां थ्रॉटलची भुजा मंद गतीच्या टेंकणीस टेंकली पाहिजे, आणि झडप वर असतां ती झोताच्या आड येतां कामा नये.

आतां आमचा नेम असा: दोर सोडण्यापूर्वीं भाचा दोन्ही दांडे हलवितो, आणि मी मागें उभा राहून भुजा व झडप खरोखर हलतात कीं नाहीं, तें पाहतों. वर्गांत पोरगा मान डोलवी, म्हणून त्यास गणित समजलें असें मीं कधीं धरलें नाहीं. पाटीवर उत्तर पाहिल्यावांचून पुढें गेलों नाहीं. दांड्याचेंहि तसेंच आहे.