मार्केटिंग शिकायचं म्हणजे नेमकं काय?

(२००१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. आपल्या ग्रुपवर वर्षभर एक प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर आहे आणि 'बीबीए करून मार्केटिंग घेणार' म्हणतोय. घालू का? पुढे काय मिळेल? मी हीच पदवी २००६ साली पुण्यात घेतली आणि तेव्हापासून याच कामावर घर चालवतो, म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर आली.

आधी त्या शब्दाचं बघू. 'तो फार मार्केटिंग करतो' असं आपल्याकडे कुणी कौतुकानं म्हणत नाही. मार्केटिंग म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं, अशी समजूत. त्यामुळे पोरगं बडबडं असलं की नातेवाईक म्हणतात, हा मार्केटिंगमध्ये चालेल. गेल्या वीस वर्षांत मी जी चांगली माणसं पाहिली, त्यांतली निम्मी अबोल होती. ती ऐकण्यात तरबेज होती.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर चांगला होता, पण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल उत्तम आणि घ्यायला कुणी तयार नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं मुखपत्र सुरू केलं. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते घराघरांत वाचलं गेलं. चांगली वस्तू आपोआप खपत नाही. वस्तू आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये माणसाचं मन उभं असतं. त्या मनात काय आहे हे समजून घेणं, हा या शिक्षणाचा गाभा.

आता कॉलेजात काय शिकवतात ते सांगतो. पहिल्या वर्षी हिशेब, अर्थशास्त्र, व्यवस्थापनाची तत्त्वं, संख्याशास्त्र. मार्केटिंग पुढे येतं : ग्राहकाचं वागणं, जाहिरात, ब्रँड, वितरण, बाजार संशोधन, आता डिजिटलही. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेले चार 'पी' प्रत्येकाला पाठ करावे लागतात : वस्तू, किंमत, ती पोचवण्याची जागा आणि प्रसिद्धी. यातली प्रसिद्धी चौथी आहे, हे मुलं विसरतात. त्यांच्या डोक्यात जाहिरातच आधी असते.

गणिताच्या सरांना एक सांगायचंय. सर, ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकली तर नफा किती टक्के, हे गणित तुम्ही आम्हाला घातलं होतं. आम्ही २५ म्हणायचो. दुकानदार मात्र विक्रीच्या किमतीवर हिशेब धरतो आणि २० म्हणतो. हा फरक ज्याला कळत नाही, त्याला कुठलाही डिस्ट्रिब्युटर पहिल्या भेटीत ओळखतो. गणिताला घाबरून मुलं मार्केटिंग घेतात, त्यांना माझा सल्ला आहे, घेऊ नका. खप, बाजारातला हिस्सा, जाहिरातीवरचा खर्च, सगळे आकडेच आहेत. डिजिटलमध्ये तर दिवसभर आकड्यांशीच गाठ असते.

पदवीनंतरची पहिली नोकरी बहुतेकांना विक्रीत मिळते. मला साबण-तेल विकणाऱ्या कंपनीत मिळाली. सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या गोदामावर हजेरी, मग सेल्समनबरोबर ठरलेल्या बीटवर दिवसाला तीस-चाळीस दुकानं. ऑर्डर घ्यायची, जुनी उधारी मागायची, खराब झालेल्या मालाची बोलणी ऐकायची. आई म्हणाली होती, 'तीन वर्षं शिकून साबणच विकायचा होता?' ते वाक्य मला लागलं होतं. तुमच्या मुलांच्या वाट्यालाही ते येणार आहे. निदान ते तुमच्या तोंडून येऊ नये, एवढी विनंती.

कारण त्या उन्हातच मी धंदा शिकलो. जत तालुक्यातल्या एका खेड्यात दुकानदार साबणाची वडी धाग्यानं कापून अर्धी अर्धी विकत होता. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, 'साहेब, इथं पगार महिन्याला होत नाही, बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी हातात पडते. आख्खी वडी परवडत नाही असं नाही, त्या दिवशी परवडत नाही.' लहान वडी, एक रुपयाची शॅम्पूची पुडी यांमागचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात आहे. पुस्तकात मी ते वाचलं होतं, कळलं मात्र त्या दुकानात.

आता वाटा. विक्रीत टिकलं तर सेल्स ऑफिसर, एरिया मॅनेजर असं वर जाता येतं. दुसरी वाट बाजार संशोधनाची : लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारायचे, उत्तरांतून अर्थ काढायचा. मी नंतर याच वाटेनं गेलो. तिसरी जाहिरात संस्थांची : कुणी क्लायंट सांभाळतो, कुणी जाहिरात कुठे आणि किती द्यायची ते ठरवतो, कुणी मजकूर लिहितो. मराठीच्या बाईंच्या निबंधाच्या वह्या इथे कामाला येतात. मराठीत नीट लिहिणारी माणसं मिळत नाहीत, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. इंग्रजीतून आलेला मजकूर शब्दाला शब्द ठेवून मराठीत केला की तो कुणालाच आपला वाटत नाही. चौथी वाट डिजिटलची. शिवाय बँका, विमा, बियाणं-खतं, ट्रॅक्टर, औषधं, सगळीकडे ही माणसं लागतात.

एक मात्र स्पष्ट सांगतो. मोठ्या कंपनीत ब्रँड मॅनेजर होण्याचं स्वप्न घेऊन मुलं येतात. त्या जागा सहसा नावाजलेल्या संस्थांतून एमबीए केलेल्यांना मिळतात. नुसत्या पदवीवर तिथे थेट दार उघडत नाही. दोन-तीन वर्षं नोकरी करून मग कॅट किंवा राज्याची एमबीए सीईटी द्यावी, असं मी सुचवेन. बाजार पाहिलेल्या मुलाला एमबीएचा वर्ग जास्त कळतो.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण आपल्यापैकी अनेकांना शेत किंवा दागिना गहाण ठेवून फी भरावी लागेल. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. त्यानंतर काही महाविद्यालयांनी हाच विषय बी.कॉम.च्या वेगळ्या नावाखाली ठेवला. त्यामुळे प्रवेश घेताना पदवीचं नेमकं नाव, विद्यापीठ आणि मान्यता कागदावर तपासा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. माहितीपत्रकावरच्या चकचकीत इमारतीवर जाऊ नका. मागच्या वर्षीच्या चार मुलांना फोन करून विचारा, कुठे लागलात, पगार किती. कॉलेज नंबर द्यायला कां-कूं करत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. कर्ज काढून महागडं खासगी कॉलेज आणि पहिला पगार सेल्समनचा, हा हिशेब जुळत नाही. फी झेपणारं साधं कॉलेज आणि सुट्टीत काम, हा जुळतो.

मैत्रिणींनी वेगळा प्रश्न विचारला होता : मुलीला फिरतीची नोकरी कशी झेपणार? अडचणी खऱ्या आहेत. दिवसभर रस्त्यावर असताना स्वच्छतागृह मिळत नाही, परतायला उशीर होतो. पण त्यासाठी मुलीनं क्षेत्रच सोडावं, हे मला पटत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या उत्तम संशोधक बहुतेक बायकाच. स्वयंपाकघरात बसून दुसरी बाई त्यांच्याशी जे बोलते, ते माझ्याशी कधीच बोलली नाही.

शेवटचं, आपल्या मातीबद्दल. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी आपल्यातले शेतकरी मित्र माल सौद्यात पोत्यानं, पेटीनं देतात आणि मुंबईत तो दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटातून विकला जातो. मानांकन म्हणजे कागद झाला. गिऱ्हाइकाला तो फरक कळेल असं पाकीट, भाव, दुकानापर्यंतची साखळी आणि विश्वास उभा करणं बाकी आहे. हे काम करायला बाहेरून कुणी येणार नाही. या वर्गातल्या कुणाची मुलगी मार्केटिंग शिकून बापाच्याच बेदाण्याला नाव देणार असेल, तर त्या पदवीचं मोल कुठल्याही पगारापेक्षा जास्त आहे.

तेव्हा 'घालू का?' याचं उत्तर माझ्याकडून ऐकू नका, मुलांनाच शोधू द्या. आपल्यातल्या तिघांची किराणा दुकानं आहेत, एकाचं खतांचं. मी त्यांना आधीच विचारलंय, ते तयार आहेत. प्रवेश घेण्याआधी पोराला किंवा पोरीला तिथे आठ दिवस उभं करा. कोण काय मागतं, काय बघून परत जातं, कशावर घासाघीस करतं, एवढंच वहीत लिहायला सांगा. आठव्या दिवशी वही भरली असेल आणि डोळ्यांत प्रश्न असतील, तर बिनधास्त घाला. वही कोरी असेल, तर त्याला दुसरं काही आवडत असेल, ते शोधूया. वही वाचायला मी आहेच. माझा नंबर ग्रुपवर आहे.