सरांचं प्रशिक्षण आणि आपल्या लेकी

माजलगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

गटाच्या हिशेबाचं प्रशिक्षण आठवतंय ना? दोन दिवस तालुक्याला बसलो, फळ्यावरचं वहीत उतरवलं. गावात आलो तर पहिल्याच बैठकीत व्याजाचा आकडा जुळेना. मग ताई पुढच्या तीन बैठकांना शेजारी बसल्या, चूक दाखवली, तेव्हा कुठं हिशेब जमला.

शाळेतल्या सर-मॅडमचंही तसंच असतं. सावित्रीबाईंनीसुद्धा शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. आता बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालंय. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय, की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला निदान 50 तास नवं शिकावं. 2021 पासून हायस्कूलच्या शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’वर, म्हणजे मोबाइलवरच आलं. सोय चांगली आहे. पण व्हिडिओ बघून प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे वर्गातलं शिकवणं बदललं असं नाही.

आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो. नववीतली लेक आईबापाबरोबर जाते, चार-पाच महिन्यांनी परत येते. तोवर बीजगणित पुढं गेलेलं. ती मागच्या बाकावर गप्प बसते, मग शाळा सुटते आणि घरात स्थळांची बोलणी सुरू होतात.

आमच्या गटातल्या एकीच्या मुलीचं असंच होणार होतं. तिच्या गणिताच्या मॅडमनी जोड्या लावून शिकवायचं प्रशिक्षणात पाहिलं होतं, पण साठ पोरांच्या वर्गात ते जमेना. शेजारच्या शाळेतले अनुभवी सर दोनदा वर्गात येऊन बसले, कुठं अडतं ते सांगितलं. मग मॅडमनी या पोरीची जोडी हुशार मैत्रिणीबरोबर लावली आणि सुटलेले धडे आधी घेतले. पोरगी दहावीला बसली.

म्हणून पुढच्या पालक सभेला आपण गटानं जाऊ. आदरानं तीन गोष्टी विचारू: सर, यंदा प्रशिक्षणात काय शिकलात? वर्गात ते करून बघताना मदतीला कोण येतं? आणि ऊसतोडीहून आलेल्या लेकरांना कसं शिकवायचं, हे त्यात असतं का? नसेल, तर ठराव लिहून मुख्याध्यापकांकडं देऊ. आपल्या जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था, डाएट, अंबाजोगाईलाच आहे. आपलं म्हणणं तिथवर पोचवायला सांगू.

सही करायला शिकलो, ती अशाच कागदासाठी.