आठवण येते, हे सांगायला लाज कसली?



मला नव्या नोकरीबद्दल बोलायला सांगितलंय. मी औषध कंपनीत एम.आर. आहे, आठ महिने झाले. निकाहनंतर चौथ्या महिन्यात नाशिकला पोस्टिंग मिळालं. बायको इथे शिरूर अनंतपाळलाच, माझ्या अम्मी-अब्बांजवळ आहे. तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. शिवाय माझ्या पगारात नाशिकला दोघांची खोली परवडत नाही. मी तिघांबरोबर एका खोलीत राहतो.

सकाळी बॅग घेऊन निघायचं. दवाखान्याबाहेर तासभर थांबलं की डॉक्टरांपुढे दीड मिनिट मिळतं. मग मेडिकल दुकानं, स्टॉकिस्ट, रात्री मोबाईलवर रिपोर्ट. महिनाअखेरीला टार्गेट अडलं की मॅनेजरचे फोन सुरू. दिवसभर अनोळखी माणसांशी हसून बोलल्यावर रात्री तिच्यासाठी शब्दच उरत नाहीत. ती विचारते, "खाना खाये?" मी "हौ" म्हणतो. मग दोघंही गप्प. सुट्टी फक्त रविवारची. दोन रात्री गाडीत काढल्या तर घरी एक दिवस मिळतो.

मित्रांना सांगितलं तर ते हसतात. वडीलधारे म्हणतात, सब्र कर. सब्र हवाच. पण सब्र म्हणजे तोंड मिटून बसणं नव्हे.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक रिवायत सांगतात. रात्री मदिन्यात गस्त घालताना त्यांना एका घरातून बाईचा आवाज आला. नवरा मोहिमेवर होता आणि ती विरहाचे शेर म्हणत होती. खलिफांनी तिला दरडावलं नाही. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारलं, की नवऱ्यावाचून स्त्री किती काळ काढू शकते? त्यांच्या उत्तरावरून सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मुदत ठरली. काही रिवायतींत ती चार महिने आहे, काहींत सहा.

यातल्या दोन गोष्टी मला मोठ्या वाटतात. एक, आठवणीला कमजोरी न मानता राज्यकारभाराचा विषय मानलं. दुसरी, हा प्रश्न बाईला विचारला.

आपल्याकडे पोराची नोकरी ठरते तेव्हा सगळ्यांचा सल्ला घेतात, सुनेला कोण विचारतं? मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "घरात सगळे चांगले आहेत. पण ज्याच्यासाठी आले, तोच इथे नाही." त्या दिवसापासून आम्ही फोनवर खरं बोलायला लागलो.

आपला मराठवाडा पोटासाठी बाहेर जातो, हे नवं नाही. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. त्या कामाचे हाल मोठे आहेत, त्याचं कौतुक नको. पण निदान तिथे दोघं आहेत हे मोजलं जातं. आमच्या बॅगवाल्या नोकरीत एकच माणूस मोजतात.

म्हणून हक्क माहीत पाहिजेत. विक्री प्रतिनिधींसाठी 1976 चा केंद्रीय कायदा होता. नियुक्तीपत्र आणि केलेल्या कामाच्या किमान एक-अकरांश इतकी भरपगारी रजा त्यात होती. म्हणजे अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस. नव्या कामगार संहितेतही रजेची ही तरतूद ठेवली आहे. अशी रजा मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. मी लेखी अर्ज करतो आणि कारणात "घरी जायचे आहे" एवढंच लिहितो. आजारी चुलत्याची गोष्ट रचत नाही.

आम्ही दोघांनी मिळून मुदत ठरवली आहे. तिची परीक्षा होईपर्यंत मी नाशिकला. त्यानंतर लातूरकडे बदली, नाहीतर नाशिकला दोघांची खोली. दोन्ही जमलं नाही तर मी दुसरं काम शोधणार. अब्बांना हे पटलेलं नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

तुमच्यापैकी अनेकांना उद्या अशीच नोकरी मिळेल. पगार आणि टार्गेट तर तुम्ही विचारालच. रजा किती, बदली कधी, खोलीचं भाडं किती, हेही विचारा. आणि होकार कळवण्याआधी घरात जिला विचारायचं राहून जातं, तिला विचारा.