‘मला काहीच येत नाही’ असं वाटतं तेव्हा

(सिरसाळा येथे वैद्यकीय व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी मला बोलावलंत, कारण माझी धाकटी बहीण डॉक्टर होतेय आणि तिचे रात्रीचे फोन मला येतात. आज जे सांगतोय ते तिला विचारूनच.

इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात रात्री साडेबाराला फोन आला. “भाई, मेरे से नहीं होता ये. घर को आती मैं.” झालं होतं असं. वॉर्डात ऊसतोडीला जाणारी एक बाई दाखल होती. केस लिहून घेताना बोलता बोलता ती म्हणाली, “मागं एका सुईनं सगळ्या अंगावर गांधी उठल्या होत्या.” कोणती सुई, ते तिला सांगता येईना. बहिणीने ते कागदावर लिहिलं नाही, राउंडला सांगू म्हणाली. राउंडला सरांनी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. हिला उत्तर आलं नाही. सगळ्यांसमोर बोलणी बसली. मग सरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहून दिलं. गांधींची गोष्ट हिच्या ओठांवर आली आणि तिथंच अडली. मला साधं उत्तर देता येत नाही, मी सरांना काय सांगणार? त्यांना माहीत असेलच.

सरांना कुठून माहीत असणार? त्या बाईशी ते बोललेच नव्हते.

इंजेक्शन देण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरनी विचारलं, “आधी कशाची रिॲक्शन आली होती का, मावशी?” औषध थांबलं, बदललं. बाईला काही झालं नाही. पण बहिणीने अर्थ काढला की आपण या कामाच्या लायकीचे नाही.

मी म्हणालो, तू चुकलीस हे खरं. पण अर्थ चुकीचा काढतेस. डॉक्टरांपैकी ती गोष्ट फक्त तुला माहीत होती, कारण ती बाई तुझ्याशी आपल्या बोलीत बोलली. जी मुलगी स्वतःला सगळ्यात कच्ची समजत होती तिच्याकडेच सगळ्यात कामाची माहिती होती. ‘मी लायक आहे का’ या शंकेने ‘हे औषध बरोबर आहे का’ ही शंका गिळून टाकली. पहिली शंका मनात राहिली तर राहू दे, वर्षानुवर्षं राहते, माझीही गेलेली नाही. दुसरी मात्र त्याच क्षणी तोंडातून बाहेर पडली पाहिजे.

अतुल गावंडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतले सर्जन. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. २००२ साली आलेल्या ‘कॉम्प्लिकेशन्स’ या पुस्तकात त्यांनी आपल्या शिकण्याच्या काळाबद्दल लिहिलंय. छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालायची होती. पहिल्यांदा जमलं नाही, वरिष्ठाने हातातून काम घेतलं. पुढेही जमेना. मग एक दिवस जमलं. विशेष म्हणजे, डॉक्टर शिकतो तो जिवंत माणसाच्या अंगावर, ही अवघड गोष्टही त्यांनी लपवलेली नाही. आमच्याकडे बरं, चुकलो तर आधी टेस्ट सर्व्हरवर चुकतो.

याच गावंडेंच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली भूल देण्याआधीपासून ऑपरेशनच्या शेवटपर्यंत तपासायची १९ मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीत एक मुद्दा असा आहे की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं. नंतर कळलं, एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडल्यावर पुन्हा उघडतो.

म्हणून ‘आत्मविश्वास वाढव’ असा सल्ला मी बहिणीला दिला नाही. तो काय बाजारात मिळतो? तिला एक वाक्य दिलं: “सर, पेशंट असं म्हणाली.” हे म्हणायला हुशारी लागत नाही, इंग्रजी लागत नाही. आणि ऐकलेलं लगेच कागदावर लिहायचं.

आता आपल्या घरांबद्दल. घरातली पहिली डॉक्टर, मोहल्ल्यातली पहिली डॉक्टर. अम्मी-अब्बूंनी सगळ्या नातेवाइकांना मिठाई वाटलेली. मग मुलगी एक प्रश्न चुकली की तिला वाटतं, आपल्यामुळे सगळ्या समाजाचं नाव गेलं. शेजारच्या बेडवरचा मुलगा चुकतो तेव्हा तो फक्त स्वतःचा प्रश्न चुकतो. हे ओझं तिच्या डोक्यावर आपणच ठेवलंय.

पण प्रत्येक शंका आतून येत नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी, आदिवासी तडवी भिल्ल मुस्लिम समाजातल्या. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात याचिका केली. अशा ठिकाणी ‘मीच कमी पडते’ म्हणून गप्प बसू नका. कोण, काय, कधी बोललं ते तारखेसह लिहून ठेवा. घरी सांगा, अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी द्या. आणि घरच्यांनो, मुलगी सांगते तेव्हा “थोडं सहन कर, बेटा” हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून काढू नका. मीही त्या रात्री तेच म्हणणार होतो.

झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये घाला, मी थांबतो.

बहीण घरी परतली नाही. मागच्या महिन्यात पुन्हा बोलणी खाल्ली, पण या वेळी सांगून खाल्ली. पेशंटची साखर दुपारी तपासायची राहिलीय, एवढंच ती म्हणाली होती. साखर तपासली.

माझं झालं. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतल्या मुलींपासून.